पलटण हरते आणि घर गप्प होतं

पुण्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४१, नोकरी खासगी कंपनीत, घरी बायको आणि सहावीतली मुलगी. पत्र आठ पानांचं आहे, त्याचा गोषवारा असा:

३१ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री प्रो कबड्डीच्या अंतिम सामन्यात पुणेरी पलटण दबंग दिल्लीकडून ३१-२८ अशी हरली. त्यानंतर दोन दिवस हे गृहस्थ घरात कुणाशी धड बोलले नाहीत. त्याच रात्री दीड वाजता त्यांनी पलटणच्या एका तरुण खेळाडूच्या पोस्टखाली ‘किती घेतलेस?’ असं लिहिलं. रविवारी मुलगी म्हणाली, ‘बाबा, मुलींच्या वर्ल्डकपची फायनल बघू या.’ यांनी ‘या घरात आता खेळ लावायचा नाही’ म्हणून टीव्ही बंद केला. नागपूरचे साडू नातेवाइकांच्या ग्रुपवर विदर्भाच्या रणजी करंडकाचा फोटो टाकतात. ऑफिसातला मुंबईकर तर ‘बेचाळीस’ (म्हणजे मुंबईचे रणजी करंडक) एवढंच म्हणतो आणि चहा प्यायला जातो. ‘पुण्याचे संघ ऐन वेळी कच खातात. महाराष्ट्राच्या रणजी संघाचं तर सोडूनच द्या. अकरा वर्षं निष्ठा ठेवून मला काय मिळालं? बायको म्हणते डॉक्टरांना दाखवा. ताई, या संघांचा नाद सोडू का? की सरळ एखादा जिंकणारा संघ धरू?’

तुमचं पत्र वाचताना मला २१ मे २०१७ ची रात्र आठवली. आयपीएलचा अंतिम सामना हैदराबादला होता आणि मुंबई इंडियन्सला आपण १२९ वर रोखलं होतं. शेवटच्या षटकात ११ हव्या होत्या, शेवटच्या चेंडूवर ४. दोन पळून झाल्या, तिसरीला धावबाद, आणि रायझिंग पुणे सुपरजायंट १ धावेनं हरली. माझ्या हातात त्या वेळी आमटीचा डाव होता. तो मी फेकला. ओट्याखालच्या फरशीचा टवका उडाला. तो अजून तसाच आहे आणि केर काढताना दर वेळी झाडू तिथे अडतो. तेव्हा तुम्हाला सल्ला द्यायला बसलेली बाई फारशी थंड डोक्याची नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पण मी डाव फेकला तो माझ्याच घरात. तुम्ही रात्री दीडला जे फेकलंत ते एका पोराच्या तोंडावर जाऊन बसलं. पत्रात तुम्ही ते एका ओळीत उरकलंय, जणू कुणी शिंकावं आणि पुढे बोलू लागावं. मला ती ओळ उरलेल्या आठ पानांपेक्षा मोठी वाटली. ‘किती घेतलेस?’ म्हणजे काय, हे तुम्हाला नीट माहीत आहे. ‘वाईट खेळलास’ म्हणणं ही टीका झाली, तो चाहत्याचा हक्क. ‘विकला गेलास’ हा आरोप आहे आणि तुमच्याकडे त्याचा तसूभरही पुरावा नाही. त्या रात्री तो पोरगाही जागाच असणार. हरलेल्या संघाच्या खोलीत मोबाइल बंद करून कुणी झोपत नाही. तुमच्यासारख्या शंभर जणांनी लिहिलं असेल, तर त्यानं ते शंभर वेळा वाचलं असेल.

म्हणून संघ सोडायचा की धरायचा ते नंतर बघू. आधी ते वाक्य पुसा. पुसून गप्प बसू नका, त्याच जागी दोन ओळी लिहा: ‘रागाच्या भरात चुकीचं लिहिलं, माफ कर. तू चांगला खेळतोस.’ तो उत्तर देईल अशी अपेक्षा ठेवू नका, आणि कुणी ‘आता का उपरती?’ असं खाली लिहिलं तर वादात पडू नका. इतर वाचकांनाही सांगते, असं काही तुम्ही लिहून ठेवलं असेल तर हा मजकूर अर्धा सोडून आधी ते पुसून या. मी इथेच आहे.

आता ‘कच खातात’ या शब्दांकडे येऊ. तुमच्या पत्रात ते चार वेळा आले आहेत, मोजले मी. पलटणचे २०२२ ते २०२५ चे चार मोसम बघा. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईत अंतिम सामना, जयपूरकडून ३३-२९ अशी हार. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून विजेतेपद. त्यापुढचा मोसम खराब गेला, अस्लम इनामदार जखमी झाला आणि आपण आठव्या क्रमांकावर फेकलो गेलो. आणि २०२५ मध्ये १८ पैकी १३ सामने जिंकून गुणतक्त्यात पहिले. दिल्लीकडून बाद फेरीतला पहिला सामना टायब्रेकरमध्ये गमावला, तेलुगू टायटन्सला ५०-४५ असं काढून पुन्हा उभे राहिलो, आणि मग ते तीन गुण. चार मोसमांत तीन अंतिम सामने. या चार वर्षांत बाकी कुठल्याही संघाला हे जमलेलं नाही. अहो, पहिल्या दोन मोसमांत हाच संघ तळाशी होता. तेव्हा ‘ऐन वेळ’ यायचीच नाही, म्हणून कच खाल्लेली कुणाला दिसायचीही नाही.

आणि त्या तीन गुणांतला एक गुण म्हणजे काय, हेही जरा बघा. कबड्डीचा सामना ४० मिनिटांचा. समोर सहा किंवा सात बचावपटू उभे असताना चढाईपटूनं एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवला आणि त्या क्षणी दुसरा हवेत ठेवला, की एक गुण. दुसरा पाय बोटभर खाली असेल तर शून्य. पंचांना ते दिसतं, घरी सोफ्यावर आपल्याला दिसत नाही. सातव्या मिनिटाला असा एखादा बोनस हुकला तर आपण ‘जाऊ दे’ म्हणून शेंगदाणे तोंडात टाकतो. एखादा मध्यरक्षक घाईनं पुढे गेला आणि समोरचा पोरगा त्याच्या हातातून निसटून मध्यरेषेवर पडला, तिथेही तेवढाच एक गुण जातो. पण शेवटच्या मिनिटात पकड झाली की आपल्या डोक्यात तिथेच सामना हरला जातो, आणि त्या क्षणी मैदानात असलेला खेळाडू आयुष्यभराचा गुन्हेगार ठरतो. त्या रात्री आदित्य शिंदेनं १० गुण आणले, ते तुमच्या आठ पानांत कुठेही नाहीत. त्या मोठ्या रात्री अंतिम सामन्यात दहा गुण घेणारा मराठी पोरगा आपल्याकडून खेळला, ही बातमी तुमच्या रागाखाली दबून गेली.

उलटं विचारते. २८-२५ च्या रात्री तुम्ही काय म्हणाला होतात? ‘काय बचाव केला पोरांनी!’ असंच ना? ते तीन गुण इकडचे तिकडे झाले असते तर त्याच बचावाला तुम्ही काय नावं ठेवली असती? निकाल आधी आणि कारण मागाहून, अशी आपल्या सगळ्यांची रीत आहे. माझीसुद्धा. पण निदान दोन दिवसांनी ते मागाहून चिकटवलेलं कारण पुन्हा तपासून बघावं.

आता निष्ठा. ‘अकरा वर्षं निष्ठा ठेवून मला काय मिळालं?’ हा प्रश्न तुम्ही फार कळवळून विचारलाय, म्हणून हसत नाही. पण ही निष्ठा नेमकी कुणावर आहे ते आपण एकदा बघू. शेवटच्या क्षणांत दिल्लीसाठी ज्यानं निर्णायक पकड केली तो फझल अत्राचली. इराणचा हा माणूस २०२२ च्या अंतिम सामन्यात आपला कर्णधार होता. त्याआधी मुंबईचा होता. तेव्हा तुम्ही त्याच्या नावानं ओरडला असणार. मोहम्मदरेझा शाडलूला आपण दहाव्या मोसमासाठी २ कोटी ३५ लाखांना घेतलं, त्यानं पकडींचा डोंगर रचला, आपण जिंकलो. पुढच्या लिलावात तो २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला आणि तो मोसम हरियाणानं जिंकला. हा काही विश्वासघात नाही, लिलाव आहे. खेळाडूचा पोटाचा प्रश्न आहे, गुडघा एकदा गेला की पुढे कुणी विचारत नाही. आणखी एक गोष्ट. २०२५ चा मोसम विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली या चार शहरांत झाला. ज्या संघाच्या नावातच पुणे आहे, त्याचा एकही सामना पुण्यात झाला नाही. बालेवाडीत पलटण बघायला तुम्हाला जागाच नव्हती, फक्त टीव्ही होता.

याचा अर्थ पलटण सोडा असा नाही. पलटण मलाही आवडते. पण तुम्ही मनातल्या मनात त्या संघाशी एक करार करून बसला आहात: मी निष्ठा देतो, तुम्ही करंडक द्या. त्या कागदावर समोरच्याची सही नाही. ज्याला हा करार हवा असतो तो खेळ बघत नाही, मुदत ठेवीची पावती बघतो.

पुणेकर म्हणून आपला कडवटपणा मला कळतो, तो फक्त हरण्याचा नाही. आपले संघ हरतात त्याहून जास्त वेळा ते नाहीसेच होतात. पुणे वॉरियर्स तीन मोसम खेळले आणि गेले. सुपरजायंट तर दोनच वर्षांसाठी आली होती, चेन्नई आणि राजस्थानवर बंदी होती म्हणून. माझ्या फरशीचा टवका राहिला, ज्या संघासाठी तो उडाला तो राहिला नाही. फुटबॉलमध्ये एफसी पुणे सिटी २०१४ ला सुरू झाली, २०१९ ला बंद पडली आणि तिची जागा हैदराबादनं घेतली. बालेवाडीला जाऊन केशरी-जांभळे झेंडे हलवणारी कॉलेजची मुलं एका हंगामात पोरकी झाली. अशा शहरात जो संघ टिकून राहिला, त्याच्यावर आपण सगळ्या गेलेल्या संघांचं ओझं टाकतो. पलटण हरली की आपल्या डोक्यात वॉरियर्स, सुपरजायंट, पुणे सिटी, सगळे पुन्हा एकदा हरतात. दोन दिवसांचा अबोला तीन गुणांचा नसावा, तो बराच जुना साठा असावा असं मला वाटतं.

पण एक संघ कधीच कुठे गेला नाही. त्याला तुम्ही ‘सोडूनच द्या’ या दोन शब्दांत उडवलंत, आणि इथे मात्र माझं तुमच्याशी भांडण आहे. महाराष्ट्राचा रणजी संघ. १९३९-४० आणि १९४०-४१, प्रा. देवधरांच्या नेतृत्वाखाली लागोपाठ दोन विजेतेपदं. त्यानंतर आजवर एकही नाही. तीनदा अंतिम सामन्यात हरलो, शेवटचं २०१३-१४ ला, कर्नाटककडून. हातातोंडाशी आलेलं जाणं ही काय चीज असते ते बघायचं असेल तर १९४८ च्या डिसेंबरात जा. पूना क्लबच्या मैदानावर भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ वर खेळत होते. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम मोडायला १० धावा कमी होत्या. समोरच्या कर्णधाराला पुढे खेळायचं नव्हतं, त्यांनी सामना सोडून दिला आणि त्यांचा संघ निघून गेला. निंबाळकर तिथेच राहिले, ४४३ वर. त्यांना भारतासाठी एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. तुमचे तीन गुण आणि त्यांच्या दहा धावा, दोन्ही शेजारी ठेवून बघा.

आणि हे जुनंपानं म्हणून सांगत नाही. तुमच्या त्या रात्रीच्या दोनच आठवडे आधी, ऑक्टोबरच्या मध्याला, महाराष्ट्राचा २०२५-२६ च्या रणजी मोसमातला पहिला सामना तिरुअनंतपुरमला केरळशी झाला. धावफलकावर शून्य आणि तीन गडी बाद. मग ५ बाद १८. इथे कुणीही टीव्ही बंद केला असता. ऋतुराज गायकवाडनं ९१ केल्या, जलज सक्सेनानं ४९, डाव २३९ पर्यंत गेला आणि केरळला २१९ वर गुंडाळून पहिल्या डावाची आघाडी आपण घेतली. ही जिद्द तुम्हाला हवी होती ना? ती झाली, तुम्ही बघितली नाहीत. तुम्हीच का, फार थोड्यांनी बघितली. ‘ऐन वेळी लढत नाहीत’ म्हणणाऱ्यांची अडचण अशी, की लढत चालू असते तेव्हा ते दुसरं चॅनेल लावून बसलेले असतात.

या संघाचं कौतुकच करायचं असं नाही. इतकी वर्षं चांगले फलंदाज निर्माण करूनही करंडक का येत नाही, यावर तासभर भांडता येईल. माझं मत असं की आपण फलंदाजांच्या शतकांवर जीव टाकतो आणि वीस बळी कोण घेणार हे नंतर ठरवतो. तुमचं मत वेगळं असेल. पण ते चार दिवस मैदानावर बसून बनवलेलं असू दे. रणजीला बहुतेक ठिकाणी तिकीटही लागत नाही. गहुंजेला सामना असेल तेव्हा एखाद्या दिवशी सुट्टी टाका, नाशिकला असेल तर शनिवार-रविवार काढा. रिकाम्या स्टँडमधून यष्टिरक्षकाची बडबड ऐकू येते, गोलंदाज स्वतःशी पुटपुटतो तेही कळतं. तिथे बसून कुणाला ‘किती घेतलेस?’ विचारायची हिंमत होत नाही, कारण तो पोरगा सीमारेषेवर तुमच्यापासून वीस पावलांवर उभा असतो आणि मागे वळून बघतो.

साडूंचा प्रश्न सोपा आहे. विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतोय आणि पहिला करंडक त्यांना १ जानेवारी २०१८ ला मिळाला. साठ वर्षं. तुमची अकरा. साडूंनी त्या साठांतली किती वर्षं पाहिली ते त्यांनाच विचारा, आणि खरोखर विचारा, टोमणा म्हणून नको. कारण त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. मार्च २०२५ मध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर त्यांनी तिसरा करंडक घेतला, तेव्हा अंतिम सामन्यात १५३ करणारा दानिश मालेवार, मोसमात ९६० धावा काढणारा यश राठोड आणि एका मोसमात ६९ बळींचा विक्रम करणारा हर्ष दुबे, तिघंही तिथल्याच मातीत घडलेले. करुण नायर कर्नाटकातून आला होता हे खरं, आणि पहिल्या करंडकाच्या वेळी प्रशिक्षक चंद्रकांत पंडित आणि वसीम जाफर मुंबईचे होते हेही खरं. बाहेरून दोघं-तिघं आणायचे आणि बाकीचा संघ घरी वाढवायचा, हे नागपूरला जमलं. यात चिडण्यासारखं काय आहे? पुढच्या वेळी ते फोटो टाकतील तेव्हा ‘हर्षचा तो मोसम जबरदस्तच’ एवढं लिहा. साडू दोन दिवस गोंधळलेले राहतील, ती मजा वेगळीच.

मुंबईकराचं ‘बेचाळीस’ मात्र मी असं सोडणार नाही, तिथे थोडी खोडी करायला हरकत नाही. मुंबई २०१५-१६ नंतर आठ वर्षं थांबली होती, मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर विदर्भाला १६९ धावांनी हरवून बेचाळिसावा आला. पुढच्याच मोसमात, जानेवारी २०२५ मध्ये, रोहित, यशस्वी, श्रेयस, रहाणे, शार्दूल, शिवम दुबे अशी सगळी फौज बीकेसीच्या मैदानावर उतरली आणि जम्मू-काश्मीरनं त्यांना ५ गडी राखून हरवलं. तेव्हा तो ‘बेचाळीस’ म्हणाला की तुम्ही ‘बीकेसी’ म्हणा आणि चहाला दोघं मिळून जा. थट्टा दोन्हीकडून चालली की ती थट्टा राहते. तुम्ही गप्प राहून गिळलंत की तिचा अपमान होतो.

‘एखादा जिंकणारा संघ धरू का?’ याचं उत्तर थोडक्यात देते, कारण तुम्हालाही ते माहीत आहे. धरा. दोन वर्षांत तोही हरेल आणि तेव्हा तुमच्याजवळ त्याच्याशी जोडलेली एकही आठवण नसेल. हरियाणा दोन मोसम लागोपाठ अंतिम फेरीत होती, २०२५ मध्ये नव्हती. तुम्ही दर वर्षी नवा टी-शर्ट घेणार का?

आता बायकोचं म्हणणं. डॉक्टर हा शब्द ऐकून तुम्ही चिडलात असं पत्रावरून दिसतं. त्या रागावून बोलल्या असतील, पण त्यात त्यांनी जे पाहिलंय ते खोटं नाही. स्वतःला प्रामाणिकपणे विचारा: हा अबोला फक्त सामन्यानंतर येतो की एरवीही? झोप लागते का? आवाज चढतो तेव्हा मुलगी आत निघून जाते का? सामन्याच्या निमित्तानं पिणं वाढलंय का? कुठे पैसे लावले आहेत का? यातल्या एखाद्या प्रश्नाला ‘हो’ येत असेल तर कबड्डी हे निमित्त आहे आणि तुम्ही खरंच एकदा समुपदेशकाकडे जाऊन या. दात दुखला की आपण जातो, तसंच. आणि सगळ्यांना ‘नाही’ येत असेल तर घरात एकच नियम करा: सामना संपला की मोबाइल आतल्या खोलीत, सकाळपर्यंत. रात्री दीडला लिहिलेलं एकही वाक्य जगात कुणाच्या उपयोगी पडल्याचं मी ऐकलेलं नाही. नातेवाइकांचा ग्रुपही तेवढ्या रात्रीपुरता गप्प करा. चिडायचं असेल तर बायकोला सांगून चिडा: ‘मला अर्धा तास बोलू नका, मी गच्चीवर जाऊन येतो.’ अर्धा तास, दोन दिवस नाही. तुमच्या अबोल्याचं कारण घरातल्या दोघींना माहीत असतं, पण तो कधी संपणार हे माहीत नसतं, आणि त्रास त्याचाच होतो.

राहिला तो रविवार, २ नोव्हेंबर. त्या दिवशी तुम्ही काय हुकवलंत ते सांगते. नवी मुंबईत, डी. वाय. पाटील स्टेडियमवर, पावसानं खेळ उशिरा सुरू झाला. शफालीनं ८७ केल्या, आपल्या सांगलीच्या स्मृतीनं ४५, दीप्तीनं ५८ आणि वर पाच बळी. दक्षिण आफ्रिका ५२ धावांनी हरली तेव्हा मध्यरात्र झाली होती. हाच संघ त्या स्पर्धेत आधी लागोपाठ तीन सामने हरला होता, त्यातला इंग्लंडविरुद्धचा ४ धावांनी, स्मृती ८८ वर बाद झाल्यावर. त्यांच्याही पोस्टखाली लोकांनी काय काय लिहिलं असेल याची कल्पना तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त येईल. उपांत्य सामन्यात मुंबईच्या जेमिमानं नाबाद १२७ करून ऑस्ट्रेलियाचे ३३८ पार केले, त्या रात्री तुम्हाला दुसऱ्या दिवशीच्या पलटणची काळजी होती, म्हणून तेही गेलं असावं. त्या वर्षाच्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. मुलांचा आणि मुलींचा, दोन्ही भारतानं जिंकले. कर्णधार प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे, दोघंही महाराष्ट्राचे. ‘आपल्याकडचं कुणी जिंकतच नाही’ असं पत्रात लिहिताना हे दोघं तुम्हाला आठवले नाहीत.

वर्ल्डकपची फायनल पुन्हा बघता येते. मुलीला म्हणा, ‘माझं चुकलं, आता तू लाव आणि मला सांग काय काय झालं.’ तिला शेवट माहीत असेल, तुम्ही मात्र माहीत नसल्यासारखं बघा. ती हरमननं घेतलेल्या शेवटच्या झेलाच्या आधीच उठून उभी राहील.

आणि आणखी एक. पत्राच्या सहाव्या पानावर, पलटणच्या बचावाची चिरफाड करताना, तुम्ही कंसात लिहिलंय: ‘मुलगी शाळेच्या कबड्डी संघात आहे.’ त्याच पानावर पलटणचा डावा कोपरा गेल्या पाच मोसमांत कोणी कोणी सांभाळला, ते क्रमानं, नावानिशी आहे. मुलगी चढाई करते की कोपऱ्याला उभी राहते, याबद्दल मात्र आठ पानांत काही सापडलं नाही. तिचा पुढचा सामना कधी आहे ते विचारून मला कळवा.